कल्पित माणसे, खरा जिव्हाळा : काही पात्रे आपल्याला का आवडतात?

लग्नघरात सामानाच्या यादीपासून पंगतीच्या पाटांपर्यंत सारे काही अंगावर घेऊन धावणारा एखादा गृहस्थ दिसला, की 'हा आमचा नारायण' असे कोणीतरी म्हणतेच. वयाला न शोभणाऱ्या ग्रंथी भाषेत बोलणाऱ्या मुलाला 'सखाराम गटणे' हे नाव मिळते. मद्याच्या आहारी गेलेला माणूस 'तळीराम' ठरतो आणि अंगाशी आलेली गोष्ट चेहरा न हलवता नाकारणारा 'लखोबा' म्हणून ओळखला जातो. हे चौघेही प्रत्यक्षात कधी जन्मले नाहीत. पहिल्या दोघांना पु. ल. देशपांडे यांनी 'व्यक्ती आणि वल्ली'त आणले, तिसऱ्याला राम गणेश गडकरी यांनी 'एकच प्याला'त आणि चौथ्याला आचार्य अत्रे यांनी 'तो मी नव्हेच'मध्ये. तरीही पणजीपासून बेळगावपर्यंत आणि बडोद्यापासून इंदूरपर्यंत मराठी बोलणाऱ्या माणसाला ही नावे उलगडून सांगावी लागत नाहीत. विशेषनामाचे सामान्यनाम होणे हा कोणत्याही पात्राला मिळू शकणारा सर्वांत मोठा सन्मान होय, आणि तो कोणत्याही पुरस्कार समितीच्या हाती नसतो.

प्रश्न असा की, शेकडो कथा-कादंबऱ्या आणि नाटकांतून हजारो पात्रे येऊन गेली असताना त्यांतील मोजकीच आपल्या घरात का राहिली? आपण एखाद्या पात्रावर जीव लावतो तेव्हा नेमके काय घडते? आणि कधीही अस्तित्वात नसलेल्या माणसासाठी डोळ्यांत आलेल्या पाण्याचा, अस्तित्वात असलेल्या माणसांशी काही संबंध असतो का?

शास्त्रकारांनी काय पाहिले?

हा विचार नवा नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात शोकांतिकेच्या नायकाविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. सर्वगुणसंपन्न माणसाचा नाश पाहून मनाला केवळ धक्का बसतो आणि दुष्टाचा नाश पाहून करुणा उत्पन्न होत नाही. म्हणून नायक या दोहोंच्या मधला, आपल्यासारखा आणि एखाद्या प्रमादामुळे कोसळणारा असावा, असे त्याने सांगितले. संस्कृत नाट्यविचाराने धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे नायकांचे प्रकार केले. पण त्याहून मोलाची देणगी म्हणजे भट्टनायकाने मांडलेली 'साधारणीकरणा'ची कल्पना. रंगमंचावरील दुःख अमुक एका व्यक्तीचे राहत नाही आणि ते पाहणाऱ्याचे खाजगी दुःखही होत नाही. ते सर्वांचे होते, म्हणूनच ते आस्वाद्य ठरते. अभिनवगुप्ताने या आस्वादकाला 'सहृदय' म्हटले. समान हृदय असलेला, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये पात्रांचे दोन वर्ग केले : एका वाक्यात सांगता येणारी सपाट पात्रे आणि पटेल अशा रीतीने आपल्याला चकित करू शकणारी भरीव पात्रे. ही विभागणी उपयुक्त असली तरी तिच्यावरून आवडीचे गणित सुटत नाही. नारायण एका वाक्यात सांगता येतो, तरी तो आपल्याला हवा असतो. उलट, अनेक भरीव पात्रांविषयी आदर वाटतो, पण ती सोबतीला नकोशी वाटतात.

1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरील व्यक्तींशी श्रोत्या-प्रेक्षकांचे जे एकतर्फी स्नेहबंध जुळतात, त्यांचा विचार केला. पुढे ही कल्पना काल्पनिक पात्रांनाही लावली गेली. पात्राला आपण ठाऊक नसतो, आपल्याला मात्र ते पूर्ण ठाऊक असते. अशा नात्यात नकाराचे भय नसते, उपकाराचे ओझे नसते. शेरलॉक होम्सच्या बाबतीत या नात्याचे बळ त्याच्या जनकालाच अनुभवावे लागले. आर्थर कॉनन डॉइल यांनी 1893 मध्ये होम्सला संपवले, तेव्हा वाचकांचा रोष एवढा झाला की, 1901 मध्ये त्याची आधीच्या काळातील एक साहसकथा लिहावी लागली आणि 1903 मध्ये तर त्याला चक्क जिवंत करून परत आणावे लागले. पात्र एकदा वाचकाचे झाले, की लेखकाचा त्याच्यावरील हक्क अर्धाच उरतो.

उणीव हेच प्रवेशद्वार

मराठीतील लाडक्या पात्रांची यादी कोणीही केली तरी एक गोष्ट लक्षात येते. त्यांत आदर्श पुरुष फार थोडे आहेत. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव पाहा. 1933 मध्ये 'चिमणरावांचे चऱ्हाट' पुस्तकरूपाने आले. हे गृहस्थ भित्रे आहेत, अंगाने किरकोळ आहेत, मध्यमवर्गीय अडचणींत सदैव गुरफटलेले आहेत. घरात काऊ, मोरू, मैना अशी पाखरांची नावे आणि जोडीला धिप्पाड, बेधडक गुंड्याभाऊ. चिमणराव जे काही करायला जातात त्याचे भलतेच होते, आणि ते स्वतःच हा सारा फजितवाडा गंभीर चेहऱ्याने सांगतात.

हे लिहिणारा माणूस बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषा शिकवणारा, बौद्ध वाङ्मयाचा व्यासंगी विद्वान होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चिंविंना विद्वत्तेचा तोरा ठाऊक होता आणि सामान्य कुटुंबवत्सल माणसाची तारांबळही. त्यांनी चिमणरावांची थट्टा केली, पण त्यांना तुच्छ लेखले नाही. वाचकाला चिमणराव आवडतात ते या तुच्छतेच्या अभावामुळे. आपल्या भित्रेपणावर कोणी प्रेमाने हसले तर तो भित्रेपणा थोडा सुसह्य होतो. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ उभे केले, तेव्हा पुस्तक न वाचलेल्या पिढीनेही त्यांना आपलेसे केले.

पु. लं.चा अंतू बर्वा हा याच वाटेवरचा, पण अधिक खोल उतरलेला नमुना. रत्नागिरीच्या त्या म्हाताऱ्याची जीभ तिरकस आहे. जगातील एकही गोष्ट त्याच्या टोमण्यातून सुटत नाही. पहिल्या वाचनात आपण त्याच्या वाक्चातुर्यावर खूश होतो. दुसऱ्या वाचनात त्या टोमण्यांमागचे दारिद्र्य आणि एकटेपण दिसू लागते. तिसऱ्या वाचनात असे जाणवते की, तिरकसपणा हे त्याने स्वतःची अब्रू झाकण्यासाठी घेतलेले पांघरूण आहे. कोकणपट्टीत आणि गोमंतकात असे अंतू बर्वे प्रत्येक वाड्यावर होते, आजही आहेत. पु. लं.नी त्यांचे मोठेपण सिद्ध केले नाही, फक्त त्यांच्याजवळ थोडा वेळ बसण्याची सवय आपल्याला लावली.

मुलांचा सवंगडी

बालवाचकाचे गणित थोडे वेगळे असते. त्याला स्वतःची उणीव पात्रात दिसायला हवी असते, पण त्या उणिवेवर मात झालेलीही हवी असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे. हा पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा एक काडीसारखा मुलगा. त्याच्याजवळ अंगबळ नाही, श्रीमंती नाही, जादू तर नाहीच. आहे ती सायकल, चौकस डोळे, तल्लख बुद्धी आणि तोंडातून निघणारा तो प्रसिद्ध 'ट्टॉक्'. संकट त्याच्यामागे येते आणि तो संकटाच्या पुढे पळतो.

भागवतांनी ज्यूल व्हर्नसारख्या लेखकांच्या साहसकथा मराठी मुलांसाठी आणल्या होत्या. साहसाचे तंत्र त्यांना अवगत होते. मात्र फास्टर फेणे लिहिताना त्यांनी साहसाला मराठी गावाचे, शाळेचे आणि वसतिगृहाचे अंगण दिले. त्यामुळे मडगावातल्या किंवा बेळगावातल्या मुलालाही वाटले, की आपल्या गल्लीच्या वळणावर काहीतरी घडू शकते. ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्याने हेच काम अधिक घरगुती पातळीवर केले. मुलांना आवडणाऱ्या पात्राची खरी कसोटी इथे आहे : पुस्तक मिटल्यावर मूल आपल्या भोवतालाकडे अधिक कुतूहलाने पाहू लागते का? फास्टर फेणे 2017 मध्ये चित्रपटात मोठा होऊन परतला, त्याचे स्वागत करणाऱ्यांत त्याला लहानपणी वाचलेले आईबाप होते. लहानपणचा सवंगडी आपल्याबरोबर वाढला आहे, हे पाहण्याचे सुख त्यांना हवे होते.

ज्यांचे कोणी ऐकले नाही

काही पात्रांच्या बाबतीत 'आवडणे' हा शब्द तोकडा पडतो. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः येत राहिली आणि 1893 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिची निवेदक यमू आपली कहाणी स्वतः सांगते. बालपण, सासर, वाचायला-लिहायला शिकवणारा नवरा, मुंबईतला थोड्या दिवसांचा मोकळा श्वास, मग त्याचा मृत्यू आणि त्यानंतर बळजबरीने झालेले केशवपन. हरिभाऊंनी विधवांच्या प्रश्नावर व्याख्यान दिले नाही. त्यांनी एका मुलीला बोलते केले आणि वाचकाला तिच्यासमोर बसवले.

त्या काळी ज्या घरांत ही कादंबरी वाचली गेली, त्यांपैकी कितीतरी घरांच्या माजघरात तांबडे आलवण नेसलेली एखादी आत्या किंवा वहिनी बसलेली असणार. यमूसाठी रडणारा वाचक त्या वहिनीकडे कसे पाहत होता, हा प्रश्न कादंबरीच्या नावातच दडलेला आहे. पात्रावरील प्रेमाची ही सर्वांत अवघड परीक्षा होय. यमूचे दुःख समजणे सोपे, कारण तिच्यासाठी आपल्याला काही सोडावे लागत नाही. माजघरातल्या वहिनीचे दुःख समजले तर घरातला नियम मोडावा लागतो.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या 1967 च्या नाटकाने हाच प्रश्न प्रेक्षकाच्या अंगावर आणून सोडला. लीला बेणारे ही हसरी, तल्लख शिक्षिका एका हौशी नाट्यसंचाबरोबर गावात येते. वेळ घालवण्यासाठी खोटा खटला उभारला जातो, गंमत म्हणून तिला आरोपी केले जाते आणि पाहता पाहता तो खेळ तिच्या खाजगी आयुष्याची चिरफाड होऊन बसतो. सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली बेणारे मराठी रंगभूमीच्या स्मरणात कायमची राहिली. पहिल्या अंकात आपणही त्या गमतीत सामील असतो, आपणही हसतो. नंतर लक्षात येते की, या टोळक्यात आपल्यालाही एक खुर्ची मिळालेली आहे. बेणारे आपल्याला प्रिय वाटते त्यात आपली थोडी अपराधी भावनाही मिसळलेली असते. गावोगावच्या ओट्यांवर, कार्यालयांत आणि आता भ्रमणध्वनीवरील गटांत असे खटले रोज चालतात, म्हणून हे पात्र अद्याप जुने झालेले नाही.

खलनायकाची मोहिनी

सज्जनांपेक्षा दुर्जन अधिक लक्षात राहतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते. गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मधील घनश्याम हे तिचे ठळक उदाहरण. बळवंत संगीत मंडळीच्या या नाटकात चिंतामणराव कोल्हटकरांनी घनश्याम रंगवला आणि मंगेशीचे सुपुत्र मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी मानी लतिकेची भूमिका केली. घनश्याम कपटी आहे. पण त्याच्या कपटाच्या मुळाशी अपमानाची जखम आहे. लतिकेने केलेली अवहेलना तो विसरू शकत नाही. अपमान गिळून घरी आलेल्या कोणत्याही माणसाने मनातल्या मनात सूडाचे जे बेत रचलेले असतात, ते घनश्याम रंगमंचावर पार पाडतो. आपण जे करत नाही आणि करू नये हेही जाणतो, ते करणारा कोणीतरी समोर दिसला, की मन थोडा वेळ त्याच्याबरोबर जाते.

लखोबा लोखंडेची गोष्ट निराळी. 'तो मी नव्हेच' 1962 मध्ये रंगभूमीवर आले. मो. ग. रांगणेकरांचे दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांनी एकाच प्रयोगात साकारलेल्या पाच भूमिका यांमुळे ते गाजले. निपाणीचा हा तंबाखूचा व्यापारी न्यायालयात उभा राहतो आणि दिवाकर दातार, राधेश्याम महाराज अशा आपल्याच रूपांना शांतपणे नाकारतो. बेळगाव-निपाणी भागातील प्रेक्षकाला तर त्याची बोली घरचीच. लखोबा ज्या स्त्रियांना फसवतो त्यांची दुःखे खरी आहेत, तरीही प्रेक्षक त्याच्या हजरजबाबीपणावर टाळ्या वाजवतो. नाटकाचे हे यश आहे आणि त्यातील एक धोकाही. भामट्याची चतुराई आपल्याला इतकी मोहवते की, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील बाईचे बोलणे संपण्याची आपण वाट पाहू लागतो. प्रत्यक्षातील भामटे याच मोहावर जगतात. नाट्यगृहातून बाहेर पडताना आपण नेमके कोणाला हसलो, एवढे आठवून पाहिले तरी अत्र्यांचे नाटक आपल्याला काही शिकवून गेले, असे म्हणता येईल.

वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले'मधील लाल्या हा तिसरा प्रकार. सत्त्वशील प्राध्यापक विद्यानंदांपेक्षा काशिनाथ घाणेकरांच्या उनाड लाल्याला टाळ्या अधिक मिळाल्या. सुधारण्याची शक्यता असलेला बिघडलेला मुलगा कोणत्याही समाजाला आवडतो. त्याच्या सुधारण्यात प्रत्येकाला स्वतःसाठी थोडी सवलत दिसते.

पात्राला मिळालेला चेहरा

कादंबरीतील पात्राला प्रत्येक वाचक आपापला चेहरा देतो. नाटकातील पात्राला तो नट देतो. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' डिसेंबर 1970 मध्ये प्रथम रंगमंचावर आणले ते मुंबईतील गोमंतकीयांच्या 'द गोवा हिंदू असोसिएशन' या संस्थेने. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन होते आणि गणपतराव बेलवलकर झाले होते डॉ. श्रीराम लागू. त्यानंतर अनेक समर्थ नटांनी ही भूमिका केली आणि 2016 मध्ये नाना पाटेकर यांच्या रूपाने ती चित्रपटात आली. प्रत्येक पिढीला आपला अप्पा वेगळा मिळाला.

अप्पा बेलवलकरांची शोकांतिका शेक्सपिअरच्या लिअर राजाची आठवण करून देते. निवृत्तीच्या क्षणी औदार्याच्या भरात ते सारे मुलांना वाटून टाकतात आणि मग मुलाच्या व मुलीच्या घरी परके होतात. तेथून बाहेर पडल्यावर त्यांना आसरा मिळतो तो बूटपॉलिश करणाऱ्या राजाकडे. सहसा या नाटकाकडे कृतघ्न मुलांची कथा म्हणून पाहिले जाते. परंतु शिरवाडकरांनी अप्पांना निर्दोष केलेले नाही. ते मोठ्याने बोलतात, जागा व्यापतात, घर हाही रंगमंच समजतात, टाळी मिळाली नाही तर अस्वस्थ होतात. अशा माणसाबरोबर लहानशा घरात राहणे सोपे नाही. सुनेची कुरकूर अगदीच निराधार नसते, म्हणून तर अप्पांचे निघून जाणे जिव्हारी लागते. मुले निव्वळ दुष्ट असती तर प्रेक्षक त्यांना शिव्या देऊन निश्चिंत झाला असता. ती आपल्यासारखीच दमलेली, संकोचलेली, लोकांना काय वाटेल या चिंतेत असलेली आहेत. त्यामुळे नाटक संपल्यावर अप्पांविषयी कळवळा घेऊन घरी जाणाऱ्याला आपल्याच घरातल्या म्हाताऱ्याच्या खोलीवरून जावे लागते.

गोमंतकात या नात्याला आणखी एक परिमाण आहे. इथे नाटक केवळ तिकीट काढून पाहिले जात नाही. जत्रेत, उत्सवात, देवळाच्या प्रांगणात ते गावच उभे करते. दिवसा दुकान चालवणारा, शाळेत शिकवणारा किंवा बागायतीत राबणारा माणूस रात्री सुधाकर होतो, घनश्याम होतो. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांतूनही हीच हौस वर्षानुवर्षे जोपासली गेली. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला पात्र दूरच्या शहरातून आलेले वाटत नाही. ज्याने तळीराम केला तो दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो, आणि पुढची कित्येक वर्षे त्याला त्याच नावाने हाक ऐकावी लागते.

प्रेम आणि न्याय

पात्रावरील प्रेम आंधळे होऊ शकते का? या प्रश्नाचे उत्तर मराठीत एकाच वर्षी आलेल्या दोन पुस्तकांत सापडते. 1967 मध्ये शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आली. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांच्या तोंडून कर्णाची गाथा सांगणाऱ्या या कादंबरीने मराठी तरुणांच्या कित्येक पिढ्यांना वेड लावले. जन्माने नाकारलेला, गुणांनी मोठा, मित्राशी एकनिष्ठ असा हा कर्ण. कुळावरून, गावावरून, भाषेवरून ज्याला कधी कोणी खाली पाहायला लावले आहे, अशा प्रत्येकाला तो आपला वाटला.

त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले. त्यांनी कर्णाला मानववंशशास्त्रज्ञाच्या तटस्थ नजरेने तपासले. अन्याय झाला हे खरे, पण म्हणून त्याची प्रत्येक कृती क्षम्य होते का? महाभारताच्या द्यूतसभेत द्रौपदीविषयी सर्वांत हीन शब्द काढणाऱ्यांत कर्ण आहे, हे विसरता येत नाही. दोन्ही पुस्तके आजही वाचली जातात, ही मराठी वाचकाच्या प्रौढतेची खूण मानावी लागेल. 'मृत्युंजय' आपल्याला कर्णाच्या जागी उभे करते. 'युगान्त' आपल्याला त्या सभेत द्रौपदीच्या जागी उभे राहायला सांगते. ज्याच्यावर अन्याय झाला तोच दुसऱ्यावर अन्याय करू शकतो, हे आवडत्या पात्राच्या बाबतीत मान्य करता आले, तर आवडत्या नेत्याच्या, आवडत्या नातलगाच्या आणि क्वचित स्वतःच्याही बाबतीत ते मान्य करणे थोडे सोपे जाते.

वाचक बदलतो तेव्हा

पात्र छापील पानावर स्थिर असते. वाचक मात्र वयाने, अनुभवाने सरकत राहतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 1963 मधील 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला येतो आणि कशातच रुजू शकत नाही. विसाव्या वर्षी वाचताना त्याचा सारे काही उडवून लावणारा सूर आपलाच वाटतो. पंचेचाळिसाव्या वर्षी तेच पुस्तक उघडले तर पैसे पाठवणारे वडील दिसू लागतात आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पाने पुढे ढकलवत नाहीत. पुस्तकातले एक अक्षरही बदललेले नसते.

समाजाच्या बाबतीतही असेच घडते. 'एकच प्याला' 1919 मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूने तेव्हा प्रेक्षकांना रडवले. व्यसनी पतीवर अढळ निष्ठा ठेवून दळण दळणारी ती पतिव्रता त्या काळाचा आदर्श होती. आज तेच नाटक पाहताना सिंधूविषयी करुणा वाटते, पण तिचे अनुकरण कोणी आपल्या मुलीला सुचवणार नाही. उलट, तळीरामाची फटकळ बायको गीता, जी मुकाट्याने सोसायला तयार नाही, ती आता अधिक जवळची वाटू शकते. गडकऱ्यांनी तिला दुय्यम स्थान दिले होते. काळाने तिची खुर्ची थोडी पुढे आणली. आवडत्या पात्रांची यादी म्हणजे समाजाच्या बदलत्या विवेकाची एक नोंदवहीच असते.

आवडीचा उपयोग

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. जे पात्र आपल्याला दीर्घकाळ आवडते त्याच्यात लेखकाने एक उणीव ठेवलेली असते आणि त्या उणिवेचा निवाडा स्वतः न करता तो आपल्यावर सोपवलेला असतो. चिमणरावांचा भित्रेपणा, अंतूचा तिरकसपणा, अप्पांचा अहंकार, कर्णाचा संताप यांना आपण समजून घेतो. कारण पानापानांतून त्यांच्यामागची कारणे आपल्याला दिसलेली असतात. एखाद्या माणसाबद्दल मत बनवण्यापूर्वी त्याच्याविषयी दोनशे पाने वाचायला मिळावीत, ही सोय प्रत्यक्ष आयुष्यात नसते. शेजारचा तिरकस म्हातारा आपल्याला केवळ त्याच्या एका वाक्यापुरता भेटतो आणि कार्यालयातली बेणारे केवळ कुजबुजीपुरती.

म्हणून आवडत्या पात्राची आठवण काढताना एक साधा अभ्यास करून पाहण्यासारखा आहे. त्या पात्राचा जो दोष आपण हसत हसत पोटात घातला, तोच दोष असलेला एखादा माणूस आपल्या ओळखीत आहे का, आणि त्याला आपण तशीच सवलत दिली आहे का, हे पाहावे. मुलांबरोबर वाचताना 'तुला कोण आवडले?' या प्रश्नापुढे 'कोणाचा राग आला, आणि तो असे का वागला असेल?' हा दुसरा प्रश्न जोडावा. घरात एखादे जुने पुस्तक दहा-पंधरा वर्षांपूर्वी वाचून ठेवलेले असेल, तर ते पुन्हा उघडावे आणि आपला कल आता कोणाकडे झुकतो ते तपासावे. नटसम्राटात पूर्वी अप्पा दिसत होते आणि आता सून दिसते, किंवा पूर्वी सून पटत होती आणि आता अप्पांचे एकटेपण टोचते, असे झाले तर मधल्या वर्षांत आपण नेमके काय जगलो याचा तो बराच विश्वासार्ह पुरावा असेल.